कुंतामावशीचा जपानातला धुरा

गावात बातमी अशी पसरली होती, की कुंतामावशीनं जपान देशात राजवाडा घेतला, तिथल्या सरकारनं तिला शंभर एकर धानाचं वावर दिलं आणि दिवाळीनंतर ती लुगडं सोडून तिकडचा झगा घालणार. ही बातमी झिंगूभाऊंनी पानठेल्यावरून सोडली. झिंगूभाऊंचं प्रत्येक वाक्य नाकातून निघतं आणि टाळीवर संपतं. "म्या सांगतो न गा, राजवाडा! सोन्याचे कवेलू हायेत त्याले!" टाळी.

खरी गोष्ट एवढी, की घर मावशी घेत नव्हती, तिची मुलगी रीता घेत होती. रीता बरीच वर्षं तिकडे म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात कामाला आहे. जपानातल्या खेड्यांतलीही पोरं शहरात पळाली, मागे घरं ओस पडली. त्यातलं एक लाकडी घर रीताच्या मनात भरलं. छपराचे कवेलू काळे, एका खोलीत झोपल्या झोपल्या आभाळ दिसायचं, आणि समोर धानाच्या दोन बांध्या, म्हणजे पाणी साठवायची छोटी वावरं. "आई, इथी बेडकं ओरडतेत न, आपल्या वावरातल्यावाणी," एवढं ती फोनवर म्हणाली आणि मावशी बराच वेळ नाक पुसत बसली.

तिकडे परक्या देशाच्या माणसालाही घर घेता येतं, कोणी अडवत नाही. पण बांध्या घ्यायच्या तर त्या गावची शेती समिती आधी येऊन बघते, की हा माणूस खरंच धान लावणार की गवत माजवणार. समिती नाही म्हणाली तर बांध्या नाहीत. आणि घरमालक बांध्यांशिवाय घर द्यायला तयार नव्हता. म्हणजे सगळं त्या समितीवर अडलेलं.

आता मावशीबद्दल. ती तलावातली मासळी चिमूरच्या बाजारात विकते. "मरळ घ्या व, मरळ!" ही तिची हाक ऐकून एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबल्याचं मी स्वतः पाहिलंय. घरी तिच्याही दोन बांध्या आहेत, झिंगूभाऊंच्या बांधीला लागून. मध्ये जो मातीचा बांध, त्याला आम्ही धुरा म्हणतो, आणि धुऱ्यापलीकडचा शेजारी तो धुरेकरी. दरवर्षी चिखलणीला झिंगूभाऊंचं फावडं चुकून धुऱ्याला लागतं. चुकून त्यांच्याच बाजूला माती पडते. मग मावशी येते. आमच्या गावात चिखलणी सुरू झाली हे पावसावरून कळत नाही, या दोघांवरून कळतं.

म्हणून रीतानं घराचं सांगितलं तेव्हा मावशीनं खोल्या किती, चूल कुठी, काहीच विचारलं नाही.

"धुरेकरी कोण हाय?"

"एक बुढे आजोबा हायेत, आई. चांगले हायेत."

"चांगला धुरेकरी म्या अजून पाह्यला नाई. दाखव."

आमच्याकडे जमीन घ्यायची तर आधी धुऱ्यावरून फेरी मारतात. चारी धुरेकरी बोलवायचे, त्यांच्या देखत खुणा पाहायच्या, चहा पाजायचा, मगच पुढचं बोलणं. मावशीचं म्हणणं, जपान असो की जांभुळघाट, फेरी चुकायची नाही. म्हणून समिती येणार त्या दिवशी रीतानं व्हिडिओ कॉल लावला. अंगणात फोनभोवती मावशी, मी, मावशीचे यजमान उमाजीकाका आणि साखर मागायला आलेले झिंगूभाऊ. वाटी आणायला विसरले होते.

रीता धुऱ्यावरून फोन फिरवत चालली. हिरवं, निळं, हिरवं. एवढ्यात कोपऱ्यात एक म्हातारा दिसला. डोक्याला पांढरा टॉवेल, हातात फावडं. धुऱ्याची कड सप्‌ सप्‌ तासत होता.

मावशी उठून उभी राहिली.

"ए बुढ्या! धुरा काऊन कोरून राह्यला गा? माह्या पोरीचं वावर नावावर झालं नाई तं चोरी सुरू केली? ठेव माती! ठेव म्हणतो न!"

म्हातारा थांबला. आधी त्यानं आभाळाकडं पाहिलं. मग रीताच्या हाताकडं. मग डोक्यावरचा टॉवेल काढला आणि फोनसमोर कमरेतून वाकला.

स्क्रीनवर रीताचा चेहरा आला. "आई, थांब न व! हेच धुरेकरी, अन् हेच समितीचे हायेत!"

मग हळूहळू कळलं. घरमालक थकला म्हणून हे आजोबा त्याचाही धुरा सांभाळत होते. तिकडे लावणीआधी धुऱ्याची जुनी माती तासून काढतात आणि वर नवा चिखल लिंपतात, म्हणजे खेकड्यांच्या बिळांतून पाणी गळत नाही. मावशीनं तासणं पाहिलं, लिंपायच्या आधीच तोंड सोडलं. फोन कटला.

"गेला!" झिंगूभाऊ. टाळी. "राजवाडा गेला!"

मावशी खाटेवर बसली. बाजारभर ऐकू जाणारी बाई एवढ्या हळू बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. "म्या पोरीचं घर मोडलं का व?"

"हाव," उमाजीकाका म्हणाले. ते एरवीही एवढंच बोलतात, पण या वेळी कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

गावातल्या सगळ्यांचे आवाज काढायची, नकला करायची मला जुनी खोड. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पाणी भरताना मी बायांना तोच सीन करून दाखवत होते. आधी आभाळाकडं बघायचं, मग टॉवेल, मग वाकायचं. वाकले, तर समोर मावशीचे पाय.

"मावशी, आता त्या घराची आशा सोडा. समिती नाईच म्हणते."

"लाव शर्त."

ठरलं असं: मी जिंकले तर मावशीनं यंदाच्या चिखलणीत झिंगूभाऊंना एक शब्द बोलायचा नाही. मावशी जिंकली तर मी तिच्या बांधीत दिवसभर धानाची रोपं लावत रोवणा करायचा, कोणाचाही आवाज न काढता.

मावशीनं माफी मागितली नाही. तिनं रीताला फोन लावला. "जाय, त्या बुढ्यासंग चिखलात उतर. धुरा एकट्याचा नसते, दोघाचा असते."

रीता ड्यूटीवरून सुटली की उतरायची. फोन धुऱ्यावर उभा करून ठेवायची आणि मावशी इथून ओरडायची, "दाब! पायानं दाब व! पाणी मार!" रीतानं फावडं धरून जमाना झाला होता, तिचा चिखल घसरायचा. म्हाताऱ्याला शब्द कळत नव्हता, पण मावशी "दाब" म्हणाली की तोही दाबायचा. पुढं पुढं तर रीताला यायला उशीर झाला की तो रिकाम्या धुऱ्याकडं बोट दाखवून तिला विचारायचा, आई कुठी गेली?

समिती बसली. काही मेंबरांचं म्हणणं, परदेशी पोरगी, आज आहे, उद्या निघून गेली तर? तेव्हा म्हातारा उठून म्हणाला, "गवत माजू देणाऱ्या शेजाऱ्याची मला भीती वाटते. हिची आई तर समुद्रापलीकडून माझ्यावर नजर ठेवून आहे." बांध्या मिळाल्या, घर मिळालं. झिंगूभाऊंनी पानठेल्यावर लगेच बातमी सुधारली: राजवाडा दोन मजली आहे.

आणि मी रोवण्याला उतरले. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी, तोंडाला कुलूप. रांगेतल्या बायांनी मला सोडलं नाही. "ए मंजे, सरपंच कसे खोकलते व?" मी रोप खोचलं. "ए मंजे, कंडक्टर कसा ओरडते?" रोप खोचलं. झिंगूभाऊ मुद्दाम धुऱ्यावर येऊन नाकातून मोठा श्वास घेऊन गेले. ओठ चावून मी तेही सहन केलं.

दुपारी घसा पार कोरडा पडला. म्हटलं, "मावशी, पाणी द्या न."

वाकलेली सगळी रांग ताठ झाली.

"हा कोणाचा आवाज होय व?" गुणाबाई म्हणाल्या.

"माझा."

"तुहा? तुहा असा नाई. हा कोणाचा तरी काढला!"

मी शपथ घेतली, मावशीच्या पाया पडायला निघाले, चिखलात बसले. कोणी मानेना. एकजण म्हणाली चिमूरच्या नर्सबाईंचा आवाज, दुसरी म्हणाली तिच्या सुनेचा. शेवटी मावशीनं कमरेवर हात ठेवून निकाल दिला.

"हारली. उद्या अजून एक बांधी."