सात नंबरचे फिन्स

समुद्र फक्त नम्र माणसालाच आपल्या पोटात घेतो. हे वाक्य मी बडोद्यात ऐकलं, तरण तलावाच्या ओल्या काठावर बसून, नाकात क्लोरीन भरलेला असताना. बोलत होते आमचे सर. ते आम्हाला एका दमात पाण्याखाली पोहायला शिकवत. समोर बारा फूट पाणी होतं आणि तळाशी कोणाची तरी केसांची पिन पडली होती.

मी एक्कावन्न वर्षांची, नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात. समुद्राबद्दल आयुष्यभर वाचलं, त्यात उतरले कधीच नाही. सर सहा जणांना अंदमानला नेणार होते, पाठीवर हवेची टाकी न बांधता, नुसत्या श्वासावर खोल पाण्यात. अट एकच: एका दमात, पाण्याखालून, या काठापासून त्या काठापर्यंत. मला ती जागा हवी होती. इतकी, की रजेचा अर्ज मी आधीच देऊन बसले होते.

यासाठी फिन्स लागतात. म्हणजे रबरी बूट आणि त्याला पुढे जोडलेलं हातभर लांब पातं. त्या पात्यावर सरांनी पाऊण तास व्याख्यान दिलं. कार्बन, लवचीकपणा, पाण्याचा आत्मा. बुटाच्या मापाचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साइझ तो जे चप्पलनी होय ए ज, बेन." म्हणजे चपलेचाच नंबर. आणि परत आत्म्याकडे वळले.

मागणीचा कागद घेऊन घरी आले तर दादा, माझा थोरला भाऊ, चहाला आलेला. रेल्वेतून निवृत्त झालाय, बडोद्यातच वाडी भागात राहतो.

"नंबर काय तुझा?"

"सहा."

"मग सात लिही."

"दादा, एक्कावन्नाव्या वर्षी पाय वाढत नाही."

"अगं, पाण्यात फुगतो!"

आमच्या घरात पादत्राण एक नंबर मोठंच घेतात आणि पुढे कापूस कोंबतात. वडील तसे घ्यायचे, त्यांचे वडीलही. माझ्या सगळ्या चपला सात नंबरच्या आहेत. मी सात लिहिलं. त्याचा संताप मला अजून होतो, आणि तो दादावर नाही.

फिन्स आले. काळे, चकचकीत, देवघरात ठेवावेत असे. घातले तर टाच सुटायची. बूट निसटू नये म्हणून बोटं आपोआप आखडायची आणि चार फेऱ्यांत तळव्यात गोळा यायचा. पातं इतकं कडक की पोटऱ्या भरून यायच्या. सरांना सांगितलं तर त्यांनी डोळे मिटून श्वास घेऊन दाखवला. दादा म्हणाला, "कापूस कोंब ना पुढे." पाण्यात कापूस कोण कोंबतं? मी जुने मोजे कोंबले. मी, पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई.

परीक्षेच्या रविवारी अर्ध्या तलावापर्यंत सगळं ठीक होतं. मग डावा फिन गेला. मी वर आले तेव्हा मोजा माझ्याआधी पोचून तरंगत होता. काठावरचे हसले. सर हसले नाहीत, ते गंभीर झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेन, तकलीफ पगमां नथी, मनमां छे."

म्हणजे दुखणं माझ्या मनात. टाचेवर रुपयाएवढा फोड घेऊन मी उभी.

"सर, तकलीफ पायातच आहे. हा बघा पाय."

त्यांनी पाहिला नाही. समुद्रापुढे वाका म्हणून महिनाभर सांगणाऱ्या माणसाला एका पायापुढे वाकवेना. पाच जागा भरल्या होत्या. सहावीसाठी पुढच्या रविवारी एकच संधी, तेवढं जाहीर करून ते निघून गेले.

सोमवारी सकाळी जुन्या शहरात, मांडवीत जोडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेले. त्याने परत पाठवलं, "सांजे आवजो." सकाळचं माप खोटं, दिवसभर चालून पाय भरतो तेव्हाचं खरं. संध्याकाळी त्याने वाकून दोन्ही पाय कागदावर आखले. "छ. पूरा छ." सहा, पूर्ण सहा. मग माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "आ कोणे अपाव्या?" या कोणी घेऊन दिल्या, याचं उत्तर फार मागे जात होतं.

तलावावर सुट्टीतल्या वर्गांसाठी ठेवलेली फिन्सची एक पेटी आहे. तीत सहा नंबरची एक जोडी निघाली, प्लास्टिकची, आखूड, पोपटी. पातळ मोजा घालून पाय आत सरकवला. बोटं सरळ पडली, हलवता आली. टाच उचलून पाहिली, बूट तिच्याबरोबर उठला. पायावर कुठे दाब नाही. एवढं तपासायला दोन मिनिटं लागली. महिनाभरात ती दोन मिनिटं कोणालाच मिळाली नव्हती, मलासुद्धा.

रविवारी मी पलीकडच्या काठाला हात लावून वर आले. दम अजून शिल्लक होता. पोपटी फिन्सकडे सरांनी पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जोयुं? मन शांत थयुं. आज समुद्राने तुमचा स्वीकार केला." शेवटचं वाक्य खास मराठीत, माझ्यासाठी.

तलावात पाणी बोअरचं आहे.