डेटा कार्ड आणि धाकटा

डेटा कार्ड विकणाऱ्या माणसाने मला फसवलं. मी कोणाला फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट उलटी सांगितली जाते.

मार्केट यार्डात माझा लसणाचा गाळा आहे. वडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ सहा. दुसऱ्याच्या गाळ्यावर गोण्या मोजत मी सुरुवात केली आणि दहा वर्षांत स्वतःचा गाळा केला. हे कोणाच्या मेहेरबानीने झालं नाही, जिभेने झालं. धाकट्याला इंजिनियर केलं. त्याला खराडीला नोकरी लागली आणि आमच्या बिबवेवाडीच्या घरात लॅपटॉप आला, इंटरनेटची वायर आली, आणि त्याने पहिल्या बोनसमधून आणलेलं ते गेमचं मशीन आलं.

रविवारी यार्डातून आलो की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. लढाईचा गेम होता. दोन सैनिक, दोघं एकाच बाजूचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. धाकटा सांगेल तसं मी करायचो. ‘‘दादा, डावीकडे. दादा, भिंतीमागे बस. आता उठू नकोस, मी सांगतो तेव्हा ऊठ.’’ दिवसभर मी लोकांना उठवणारा आणि बसवणारा माणूस. आठवड्यातला तो एक तास मला कोणीतरी सांगायचं आणि मी मुकाट्याने ऐकायचो. मला ते आवडायचं, पण मी त्याला तसं कधी म्हणालो नाही.

मग त्याचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, त्याने स्वतः पसंत केलेली. माझी काहीच तक्रार नव्हती. याद्या करायला आम्ही मुलीच्या घरी गेलो. कार्यालय कोणी घ्यायचं, जेवण कोणाकडे, मानपान काय, हे दोन्हीकडच्यांनी बसून कागदावर लिहायचं असतं. चहा झाला. मुलीचे वडील शिक्षक होते, फार हळू बोलायचे. ते एक म्हणाले, मी दुसरं म्हणालो. ते थोडे खाली आले, मी आणखी खाली ओढलं. मला त्यांच्याकडून काही उकळायचं नव्हतं. समोर माणूस बसला आणि कागद निघाला की माझी जीभ आपोआप चालते. जेवणाच्या पानांवरून अडलं. ते म्हणाले, ‘‘अहो, एवढं ताणू नका. आम्हाला जमणार नाही.’’

मी म्हणालो, ‘‘मग दुसरं स्थळ बघा.’’

हे वाक्य मी रोज बोलतो. ‘मग दुसरा गाळा बघा.’ गिऱ्हाईक उठतं, चार पावलं जातं आणि परत येतं. यार्डात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या शिक्षकाला माहीत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आम्हाला हात जोडले आणि आतल्या खोलीत गेले. परत बाहेर आले नाहीत. मी तासभर बसून राहिलो. धाकटा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मी नंतर दोनदा त्यांच्याकडे गेलो. दार मुलीनेच उघडलं. ‘‘बाबा भेटणार नाहीत,’’ म्हणाली. ‘‘आणि मलाही आता नको. उद्या तुम्ही कशाकशावर अडाल, सांगता येत नाही.’’

तीन महिन्यांनी धाकट्याने अमेरिकेतलं काम मागून घेतलं. जाताना दोन बॅगा नेल्या. मशीन टीव्हीखाली तसंच राहिलं, लॅपटॉपही इथेच राहिला. माझा आवाज ऐकला की फोन ठेवायचा. ई-मेलला उत्तर नाही. रागाच्या भरात मी इंटरनेटची वायरही काढून टाकली. वापरणार कोण होतं?

पुढचं वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही. शेवटी मी त्याच्या मित्राला गाठलं. हा त्याच्याच ऑफिसातला, आमच्या घरी जेवून गेलेला. खराडीला कंपनीच्या फाटकाबाहेर दोन तास उभा राहिलो. तो बाहेर आला आणि मला बघून कपाळाला हात लावला.

‘‘दादा, तुम्ही इथे?’’

‘‘त्याला सांग, मला एकदा बोलायचंय.’’

‘‘मी सांगून बघितलंय. तो म्हणतो, दादा बोलत नाही, सौदा करतो.’’

‘‘मग मी काय मुका होऊ?’’

तो हसला, पण चार दिवसांनी त्याचा फोन आला. धाकट्याने तिकडे तसंच मशीन घेतलं होतं आणि शनिवारी रात्री तो खेळायचा. म्हणजे आपल्या रविवारी सकाळी दहाला. त्याने निरोप दिला होता: दादाला माझं ऐकायची सवय फक्त गेममध्ये आहे. तिथे ये म्हणावं. येत्या रविवारी दहा ते अकरा मी थांबेन. हेडफोन लावून ये, काय बोलायचं ते तिथे बोल. पुन्हा नाही.

मला एकच शब्द बोलायचा होता. चुकलो.

हा फोन गुरुवारी आला. वायर परत जोडायला आठ-दहा दिवस लागतील, असं सांगण्यात आलं. ‘‘मग लॅपटॉपला डेटा कार्ड लावा,’’ मित्र म्हणाला. ‘‘लॅपटॉपवर नेट घ्यायचं आणि तिथून केबलने मशीनला द्यायचं. होतं तसं. पण कार्ड घेताना नीट विचारून घ्या.’’

मी विचारून घेतलं. हे मी शपथेवर सांगतो. शुक्रवारी दुपारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे पन्नाशीचा माणूस, चष्मा नाकावर. त्याला म्हणालो, ‘‘लॅपटॉपमधून गेमच्या मशीनला नेट द्यायचंय. त्यावर परदेशातल्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. या कार्डावर चालेल का?’’

‘‘चालेल.’’

‘‘नक्की?’’

‘‘अहो, नेट म्हणजे नेट. त्यावर बोला, गा, नाहीतर कीर्तन करा. कार्ड विचारायला येत नाही.’’

मग मी कार्डाच्या भावाला हात घातला. अर्धा तास घासाघीस केली. तो चिडला, मी चिडलो, दोनदा मी पायरी उतरलो आणि दोनदा त्याने मला परत बोलावलं. शेवटी भाव माझा झाला, वर केबल फुकट मिळवली. दुकानातून निघालो तेव्हा मी खूश होतो. कार्ड कसं चालतं हे आणखी चार प्रश्न विचारून काढून घेता आलं असतं. तो अर्धा तास माझ्याकडे होता. पण विचारणं माझं काम होतं आणि खरं सांगणं त्याचं, आणि मी माझं काम केलं होतं.

शनिवारी दुपारी गाळा नोकरांवर सोपवून घरी आलो. लॅपटॉपला कार्ड लावलं. लॅपटॉपवर नेट आलं. केबल मशीनला जोडली. मशीन म्हणालं, नेट नाही. मित्राला फोन लावला. तो सांगेल तशा मी खिडक्या उघडत गेलो.

‘‘दादा, तिथे दोन कनेक्शन दिसतायत ना? एक कार्डाचं, एक केबलचं.’’

‘‘दिसतायत.’’

‘‘कार्डाच्या कनेक्शनवर जाऊन ‘इतरांना वापरू द्या’ अशी खूण करायची. तुम्ही कुठे केली?’’

‘‘केबलच्या.’’

‘‘म्हणजे तुम्ही मशीनकडून नेट मागताय. त्याच्याकडे कुठून येणार?’’

खूण बदलली. तरी नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी नाही. मी टेबलावर हात आपटला तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अहो, ते मशीन आहे, अडत्या नाही. घाबरणार नाही.’’ सहाच्या सुमाराला टीव्हीवर एक हिरवी खूण उमटली, मग दुसरी. कनेक्ट झालं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. त्या दोन खुणांखाली तिसरी होती, पिवळी. त्यासमोर काही इंग्रजी लिहिलं होतं. धाकटा असता तर त्याने वाचलं असतं. पिवळी म्हणजे लाल नव्हे, असा हिशोब मी केला. बोलून बघायला समोर कोणी नव्हतंच.

रविवारी पावणेदहालाच हेडफोन लावून बसलो. दहाला यादीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्यासमोर होता, ठिपक्याएवढा. लगेच त्याचं बोलावणं आलं. मी बटण दाबलं. गोल चक्र फिरलं आणि पाटी आली: जोडता आलं नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्याने पुन्हा बोलावलं, मी पुन्हा दाबलं. मित्राला फोन लावला. तो रविवारी कामावर होता, दबक्या आवाजात बोलत होता.

‘‘टेस्ट लावा. तिसरी ओळ वाचा मला.’’

मी अक्षर अक्षर वाचलं.

‘‘फायरवॉल बंद करा.’’

‘‘केली.’’

‘‘परत टेस्ट.’’

‘‘पिवळंच.’’

‘‘दादा, हे कार्डावरच अडतंय. तुमच्याकडून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला तुमच्याकडे आत येता येत नाही. कार्डाच्या कंपनीनेच तो रस्ता बंद ठेवलेला असतो. तुमच्या लॅपटॉपवर काही करून उघडणार नाही. बोलणं होणार नाही या कार्डावर.’’

‘‘पण तो मला दिसतोय!’’

‘‘दिसेल. बोलता येणार नाही.’’

साडेदहा झाले होते. तरीही मी लॅपटॉप बंद करून चालू केला, केबल काढून घातली, कार्ड दुसऱ्या भोकात लावलं. हेडफोन मी काढला नव्हता. त्यात नुसती शांतता होती, आणि त्या शांततेच्या पलीकडे तो असाच हेडफोन लावून बसलेला असणार, हे मला कळत होतं. त्याला वाटत असणार, दादा येतोय आणि मागे फिरतोय.

पावणेअकराला टीव्हीवर त्याचा लिहिलेला निरोप उमटला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ‘‘दादा, येतोयस का?’’

लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं. हातातल्या त्या यंत्राने एकेक अक्षर शोधायचं, त्यावर जायचं, दाबायचं. मी लिहायला घेतलं. दहा मिनिटं लागली. काय लिहिलं ते जसंच्या तसं देतो: ‘‘नेटचा घोळ आहे. एक तास थांब. नाहीतर पुढच्या रविवारी ये. ते जमत नसेल तर फोन उचल, पाच मिनिटं पुरे.’’

पाठवलं. ठिपका हिरवाच होता. मग उत्तर आलं.

‘‘दादा, परत घासाघीस?’’

आणि ठिपका गेला. मी घाईघाईने ‘चुकलो’ लिहायला घेतलं. पाठवायला गेलो तर यादीत त्याचं नावच नव्हतं. मित्राने नंतर समजावलं, त्याने मला काढून टाकलं होतं.

बायको दारात उभी राहून सगळं वाचत होती. म्हणाली, ‘‘एवढं लिहिलंत. चुकलो तीन अक्षरी आहे.’’

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ती आत गेली आणि मी टीव्हीसमोर दुपारपर्यंत बसून राहिलो. कोणी ऊठ म्हणालं नाही.

सोमवारी त्या दुकानात गेलो. आवाज इतका चढला की रस्त्यावरचे लोक थांबले. तो माणूस चष्म्यावरून बघत राहिला.

‘‘लॅपटॉपवर नेट आलं का?’’

‘‘आलं.’’

‘‘मशीनवर आलं?’’

‘‘आलं. पण बोलता येत नाही. मी तुम्हाला विचारलं होतं!’’

‘‘विचारलं असेल. तुम्ही भाव किती वेळ केलात आणि हे किती वेळ विचारलंत, ते आठवा. कार्ड चालतंय. परत घेणार नाही.’’

यार्डात कोणी मला असं बोललं असतं तर मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मी पायऱ्या उतरलो. त्याने मागून हाक मारली नाही.

आता बरीच वर्षं झाली. धाकट्याने तिकडेच लग्न केलं. मित्राकडून कळलं, याद्या झाल्या नाहीत, कोणी अडलं नाही. त्याला एक मुलगी आहे, ती मी पाहिलेली नाही. घरात आता भरपूर वेगाचं इंटरनेट आहे आणि परदेशातल्या माणसाचा चेहरासुद्धा फोनवर दिसतो. माझ्याकडे त्याचा नंबर नाही.

बायको म्हणते, सोडून द्या, चूक तुमचीच. माझी जेवढी आहे तेवढी मी घेतली. पानांवरून मी अडलो, ती माझी. ‘चुकलो’ आधी लिहायला हवं होतं, तीही माझी. पण सगळी मी घेणार नाही. त्या तासात माझा आवाज त्याच्यापर्यंत गेला असता तर तो शब्द मी बोललो असतो, आणि तो गेला नाही, याला कोणीतरी जबाबदार आहे. ज्या गोष्टीची माहिती नाही ती ‘चालेल’ म्हणून का विकली, हे त्या दुकानदाराने सांगावं. आणि तो सांगणार नसेल तर धाकट्याने सांगावं. अरे, पंचावन्न मिनिटं तू थांबलास. तुला माझं नाव दिसत होतं, मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होतो तेही दिसत होतं. मी आलो होतो की नव्हतो? एवढंच सांग.