मुठीतली पिन
जळक्या वायरीचा वास आला की डोणगावच्या घरातली ती दुपार आठवते. नवऱ्याने हौसेने आणलेलं, कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन बंद पडलं होतं. लोडशेडिंगच्या भरवशावर त्यांनी मागची फळी काढून जळक्या पॉवर सप्लायमध्ये हात घातला. “पिन तं काढा आधी,” मी म्हटलं. “लाईन चारले येते, काऊन भेऊन राह्यली?” ते हसले. फ्रिजची आणि मशीनची, दोन्ही काळ्या वायरी एकमेकींत गुंतल्या होत्या. मी अंदाजाने भिंतीवरच्या बोर्डातली एक पिन ओढली. तेवढ्यात, वेळेआधीच, डोक्यावरचा पंखा फिरला. त्यांचा हात आतच होता. मग फ्रिज घरघरला, तेव्हा कळलं, माझ्या मुठीत मशीनचीच पिन होती. अजूनही लाईन आली की माझी मूठ आवळते.