पंजांचा पलंग

पलंग विकायचा नाही, हे मी हल्ली दारातच सांगून टाकतो. तरी जुन्या सामानाचे व्यापारी कुठून तरी वास काढत अकोल्याला येतात, चहा पितात, खांबांवरून हात फिरवतात आणि मला इंग्रजी फर्निचर शिकवायला बसतात. हे जॉर्जियन वळण, हे पाय बघा, जनावराच्या पंजाने गोळा धरलाय, असं काम आता मिळत नाही. मी मान हलवतो. हे सगळं मला शाळकरी वयातच जेवणाच्या पाटावर तोंडपाठ झालं होतं. त्यांना जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. ऐकलं तर चहा अर्धा टाकून उठतील.

माझे वडील अमरावतीला वकिली करत. आम्ही आधी परकोटाच्या आत, दोन अंधाऱ्या खोल्यांत राहत होतो. इंग्रज जाऊन थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा बाबांनी कॅम्पातला एक बंगला भाड्याने घेतला. तो एका साहेबाचा होता. साहेब विलायतेला परतताना धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्याने तो सामानासकट घेतला, पण तिथे राहायला काही तो स्वतः आला नाही आणि आतलं सामानही त्याने बाबांना कवडीमोलाने विकून टाकलं. का आला नाही, हे बाबांनी विचारलं नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारे माझे बाबा, पण स्वतःला हवी ती वस्तू समोर आली की एकही प्रश्न विचारत नसत.

आणि हा बंगला त्यांना हवाच होता. जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना इंग्रजी घरांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, तेव्हापासून त्यांचं डोकंच फिरलं होतं. बंगल्याच्या उतरत्या छपराखाली पांढऱ्या भिंतीवर काळ्या लाकडी पट्ट्या आडव्यातिडव्या ठोकल्या होत्या. ते ट्यूडर. दिवाणखान्याची खिडकी पोट पुढे काढल्यासारखी बागेत आली होती, तिचं वेगळं नाव. खुर्चीचा पाय गुडघ्यात वाकलेला असला की राणी ॲन. कोर्टातले एक वयस्क कारकून असेच वाकून चालत, तर बाबा घरात त्यांना राणी ॲनच म्हणायचे. हे असली नव्हे, नक्कल आहे, हेही ते कबूल करायचे. पण वळण खरं आहे, असं म्हणून पुन्हा भाताकडे वळायचे.

दिवाणखान्यात शेकोटी होती. भिंतीतच बांधलेली, वर संगमरवरी फळी, आत धुराडं. ते घर ज्याने बांधलं त्याला बर्फ ठाऊक असावा, अमरावतीचा मे महिना नव्हे. आईने पहिल्याच दिवशी त्या शेकोटीत पाण्याचे माठ मांडले. बाबा हळहळले.

"अगं, तिथे लाकडं पेटवतात."

"इथं? ह्या उन्हात?" आई म्हणाली. "वरून वारा येऊन राहिला. पाणी थंडगार होते."

आणि खरंच होत असे. तसं पाणी मी पुन्हा कुठे प्यायलो नाही. फक्त ऊन तापून वारा सुटला की त्या धुराड्यातून आवाज यायचा, कोणी ओठ मिटून गुणगुणत असल्यासारखा. पहिले काही दिवस आम्हाला त्याची गंमत वाटली.

आतल्या खोलीत हा पलंग होता. चार उंच खांब, खांबांवर कोरलेली पानं, वर मच्छरदाणीची चौकट आणि खाली ते पंजे. बाबा त्याच्याभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते. आई उंबऱ्यावरच थांबली.

"ह्याच्यावर कोण गेलं?" तिने विचारलं.

बाबा हसले. "साहेब विलायतेला गेला. देवाघरी नाही."

"अन् मडम?"

बाबा खांबावरची पानं बघत राहिले.

आईचा हा प्रश्न कुठून आला ते सांगायला हवं. ती अकोल्याच्या एका भिक्षुकाची मुलगी. माणूस गेलं की बाराव्या-तेराव्याला त्याच्या नावाने शय्यादान करतात. खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडा, तांब्या असं सगळं मांडायचं, भटजीला त्या खाटेवर बसवायचं आणि मुलाने त्याच्या हातावर पाणी सोडायचं. म्हणजे ते गेलेल्याला पोचतं आणि तो पुढच्या वाटेला लागतो. देणाऱ्याचं तिथे संपतं. पण घेणाऱ्याच्या घरी ती खाट येते. माझ्या आजोबांच्या घरात विकत घेतलेली एकही खाट नव्हती. पाहुणे आले की आजी सांगायची, तुम्ही मास्तरांच्या खाटेवर झोपा, पोरींनो तुम्ही शेटाणीच्या. मास्तर आणि शेटाणी कधीच जळून गेलेले. आई लहानपणी तिच्याच वयाच्या एका मुलीच्या गादीवर झोपायची. उशीला त्या मुलीच्या केसांच्या तेलाचा वास होता. धुतली तरी जाईना. लग्न ठरलं तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली होती, झोपायला खाट नवी हवी. बाबांनी हौसेने करून घेतली होती. ती नवी खाट परकोटातून कॅम्पात आली आणि पंजांच्या पलंगासमोर अगदीच केविलवाणी दिसायला लागली.

बातमी भाजीवालीने दिली. भातकुलीकडून टोपली घेऊन येणारी माळीण, ती साहेबाच्या वेळेपासून त्या बंगल्यावर भाजी घालायची. आईने मेथी निवडता निवडता विषय काढला.

"हाव ना बाई," माळीण म्हणाली. "मड्डम त्याच पलंगावर गेली. तापानं. लय गुणाची बाई, दिवसभर काई तरी गुनगुनत राहे. साहेबानं मंग तिकडं पाह्यलंच नाई. तसाच ठिवला पलंग, अन् गेला निंगून."

आईने मेथी खाली ठेवली. उठून दिवाणखान्यात गेली आणि शेकोटीतले माठ एकेक करून बाहेर काढले. त्या उन्हाळ्यात आम्ही कोमट पाणी प्यालो.

त्या दिवसापासून घरात दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागली. बाबा पलंगावर, हट्टाने. आई आणि मी बाजूच्या खोलीत. आई रडली नाही, भांडली तर अजिबात नाही. ती फक्त त्या पलंगाला हात लावत नसे. चादर बाबाच बदलत. चहा आणला की ती उंबऱ्यावरून हाक मारायची आणि कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवायची. तिला स्वतःची भीती नव्हती. तिला वाटायचं, त्या बाईचं कोणी काही दिलं नाही, तिला काही पोचलं नाही, म्हणून ती तिथेच आहे. आणि एकटी आहे, म्हणून सोबतीला कोणाला तरी नेणार. त्या पलंगावर झोपणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

माझं म्हणाल तर मी दुपारी घाबरायचो. रात्री नाही, रात्री बाबांचं घोरणं असायचं. दुपारी बाबा कोर्टात, वाळ्याचे पडदे सोडलेले, घरभर ओला काळोख. चटईवर पडल्या पडल्या उघड्या दारातून मला पलंगाचे दोन पाय दिसत. पंजांनी गोळे घट्ट धरलेले. मी टक लावून बघत राहायचो आणि मला खात्री वाटायची की मी डोळे मिटले की पकड बदलते. तेवढ्यात दिवाणखान्यातून ते गुणगुणणं सुरू व्हायचं. आई माझ्या कानावर हात ठेवायची. तिच्या हाताला घाम असायचा.

एकदा अकोल्याहून आजोबा आले. आईने त्यांचे पायच धरले.

"बाबा, तिचं शय्यादान करून टाका ना. मी देतो म्हणतो हा पलंग."

"तिचं नाव ठाऊक नाही, गोत्र नाही," आजोबा म्हणाले. "अन् पाणी कोण सोडन? ते तिच्या माणसानं द्या लागते, पोरी. तुह्यामाह्या देण्यानं तिले काय पोचते?"

बाबांनी थट्टेने पलंगावर थाप मारली. "बसा तर खरं, मामा. जन्मभर लोकांच्या खाटांवर बसलात, एकदा जॉर्जियनवर बसून बघा."

आजोबा खाली फरशीवर बसले. "जावईबापू, मी दिलेल्यावर बसतो. न दिलेल्यावर नाही बसत."

बाबा मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. मेलेल्यांच्या खाटांवर आयुष्य काढलेला माणूस फरशीवर बसला होता आणि ते बघून माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

आणखी एक गोष्ट होती. तो पलंग चांगला ऐसपैस, तीन माणसं आरामात झोपतील एवढा. पण बाबा त्याच्या एका कडेला झोपायचे, अगदी काठावर. उरलेली सगळी जागा मोकळी. सकाळी मी त्यांना उठवायला जायचो तेव्हा ते तसेच दिसायचे, कधी एक पाय खाली लोंबकळत असायचा. मी आईला सांगितलं, तर तिला ते आधीच माहीत होतं.

"पाह्यलं?" ती हळूच म्हणाली. "तिले जागा देऊन राहिले."

मी बाबांनाही विचारलं होतं, एवढा मोठा पलंग असून तुम्ही काठावर का झोपता म्हणून. ते पुस्तक वाचत होते. "सवय," म्हणाले आणि पान उलटलं.

वर्षं गेली. असल्या गोष्टींचीही घराला सवय होते. मी शाळेतून कॉलेजात गेलो, आजोबा गेले, बाबांच्या पुस्तकाची पानं सुटली. आई उंबऱ्यावरून हाक मारत राहिली.

एका दुपारी बाबा कोर्टातून लवकर आले. काळा कोट खुंटीला लावला, पडतो जरा म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले. मी बाहेर खिडकीत वाचत बसलो होतो. आई चहा घेऊन गेली. तिची हाक ऐकू आली, "अहो, चहा." मग पुन्हा. मग पुन्हा, जरा मोठ्याने. मग कप फुटल्याचा आवाज. मी उठून गेलो तर कप उंबऱ्यावर फुटून पडला होता आणि आई पलंगावर गुडघे टेकून बाबांचे खांदे हलवत होती. इतक्या वर्षांत तिने त्या पलंगाला पहिल्यांदा हात लावला तो असा.

मला त्या क्षणी त्या परक्या बाईचा इतका राग आला की काय सांगू. नेलंस ना शेवटी, असं मी मनात म्हणालो. मी विज्ञान शिकत होतो, तरी म्हणालो.

बाराव्याला शय्यादान ठरलं. कोणी म्हणालं नवी खाट आणा, पण मीच हट्ट धरला, हाच पलंग द्यायचा. जाऊ दे बाहेर, एकदाचा. भटजी आले. त्यांच्याबरोबरच्या माणसांनी बैलबंडी फाटकाशी लावली. पलंगावर नवी चादर घालायची होती. रीत म्हणून ते काम आईकडे आलं. ती आत गेली, तिने जुनी चादर ओढून काढली आणि तिथेच उभी राहिली.

मी दारातून बघत होतो. खाली कापसाची गादी होती, आम्ही त्या घरात आलो तेव्हा बाबांनी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. काठाकडची बाजू दबून पापड झाली होती. बाकीची सगळी गादी फुगलेली, मऊ, कोरी. त्या कोऱ्या बाजूला, चादरीखाली झाकलेली एक उशी होती, अभ्रा घातलेली. अभ्र्यावर आईच्या हातची वेल होती; लग्नातल्या नव्या खाटेबरोबरच्या जोडउशांतली ही एक. ती कधी हरवली ते तिला आठवतही नव्हतं.

आईने उशी उचलली, नाकाशी नेली आणि पुन्हा होती तिथे ठेवली. कोणाच्या डोक्याचा खळगा तीत नव्हता. मग तिने सगळ्या गादीवर हात फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

इकडे उंबऱ्याबाहेर पाटावर बसलेल्या भटजींनी संकल्पासाठी हात पुढे केला होता. माझ्या हातात पळी भरलेली. मंत्र सुरू झाला तेवढ्यात आई बाहेर आली, माझं मनगट धरलं आणि पळीतलं पाणी पुन्हा भांड्यात ओतलं.

"त्यायले बाजारातून दुसरी खाट आणून दे," ती म्हणाली. "त्या खाटेचं पाणी सोड. हा नाही द्यायचा."

भटजी गडबडले. "अहो बाई, ज्यावर गेले तोच द्यावा. नाहीतर त्यांना पोचायचं नाही."

"ठाऊक आहे मले," आई म्हणाली. "मी भिक्षुकाची पोरगी आहो."

नवी खाट आली, विधी उरकला, बंडी गेली. लोक जेवून पांगले. दुपार कलत होती आणि दिवाणखान्यात गुणगुणणं सुरू झालं होतं. मी आईला शोधत आतल्या खोलीत गेलो. ती पलंगावर निजली होती, फुगलेल्या बाजूला, वेलीच्या उशीवर, काठाकडे तोंड करून. काठाची दबलेली जागा तिने मोकळी ठेवली होती.

"आई," मी म्हणालो, "बाबांना पोचलं नाही तर?"

"नाहीच पोचू द्यायचं," ती म्हणाली. "पोचले तर जातीन ना ते."