सोनेरी अक्षरांचे सहा ग्लास

फुकट काम करणाऱ्याला दुसरं काही मिळो न मिळो, किस्से भरपूर मिळतात. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी राहायला आल्यावर मी दर शनिवारी एका म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड होतो. तिथले किस्से मी मित्रांत रंगवून सांगतो. अडचण एवढीच, की बहुतेकांतलं गाढव मीच आहे.

त्या वर्षी तिथं रोमन काचेचं प्रदर्शन आलं होतं. ग्लास, वाडगे, बाटल्या. पण सापडलेलं सगळं रोमच्या सरहद्दीपलीकडे, रोमन लोक ज्यांना रानटी म्हणायचे त्यांच्या कबरींत! व्यापारी माल घेऊन पलीकडे जायचे आणि तिकडचे सरदार त्यातला एखादा ग्लास जन्मभर जपून शेवटी सोबत घेऊन जायचे.

*

पहिल्याच शनिवारी एका बाटलीवर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकत होते. मी ठोकून दिलं, की रोमन कारागीर हे रंग कसे आणायचे, ते गुपित आजवर कुणालाच कळलेलं नाही.

ग्रुपमधला एक रिटायर्ड प्लंबर शांतपणे म्हणाला, "खाली पाटी आहे. मातीत राहून काच खराब झाली, म्हणून रंग दिसतात."

सगळे पाटी वाचायला वाकले. मीही वाकलो, कारण मी ती वाचलीच नव्हती.

*

माझ्याबरोबर नागपूरच्या सुलभाकाकू गाइड होत्या. कबरीतल्या वस्तूंच्या काचेच्या केसजवळ दिवसभर उभ्या राहायच्या आणि घरी गेल्या की आंघोळ केल्याशिवाय किचनमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांची इथं जन्मलेली मुलगी म्हणाली, "मॉम, दे डाइड टू थाउजंड इयर्स अगो!"

काकू म्हणाल्या, "मेलेलं ते मेलेलंच. त्याला एक्स्पायरी डेट नसते."

मी फार हसलो होतो. पण काकू त्या मेलेल्यांना निदान माणसं तरी समजत होत्या.

*

माझा हुकमी जोक एका ग्लासवर होता. त्यावर ग्रीक अक्षरं होती. मी म्हणायचो, "रोमकडे असले ग्लास खाणावळीत मिळायचे. इकडं सरदारानं त्याला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं. बरं, वर काय लिहिलंय तेही बिचाऱ्याला वाचता येत नव्हतं!"

दर शनिवारी हमखास हशा. मी तो खिशात घालून घरी यायचो.

*

आता हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. २००१ साली सांता क्लारात मी नोकरीला होतो ती कंपनी बंद पडली. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये खोकी ठेवली होती. कस्टमरना वाटायला बनवलेले ग्लास, वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. हवे तेवढे न्या म्हणाले. मी दोन खोकी उचलली.

पुढच्या वर्षी त्यातले सहा कराडला आत्याला दिले. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं. "तुझ्यासाठी खास शोधून आणलेत," असं मी न अडखळता म्हणालो. आत्यानं ते शोकेसमध्ये मांडले. जावई आला तरच बाहेर निघायचे.

एकदा तिचा रडवेला फोन आला. पुसताना एक ग्लास फुटला होता. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "जाऊ दे आत्या. तसला आता मिळणार नाही."

*

दोन वर्षांनी आत्या ट्रॉयला आली. तिनं म्युझियमला येते म्हटल्यावर मी खुशाल नेलं. ग्रीक अक्षरांच्या ग्लासपाशी नेहमीचा जोक मारला, नेहमीचा हशा झाला. आत्या मागे उभी होती. तिनं तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलंय, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं.

तिनं हात वर केला आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "ज्या व्यापाऱ्यानं हा ग्लास आणला, त्यानं सरदाराला काय सांगितलं होतं?"

लोकांना प्रश्न आवडला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढच्या केसकडे चला म्हणालो.

*

आत्या यायच्या आधी मी उरलेले ग्लास दडवले होते. खोकी टेपनं बंद करून थेट माळ्यावर. गराजमधला एक मात्र राहून गेला.

म्युझियममधून आल्यावर गाडीतून उतरताना तिला तो वर्कबेंचवर दिसला. सोनेरी अक्षरं अजून शाबूत होती. आत स्क्रू आणि एक जुना पेंटब्रश.

आत्यानं स्क्रू हळूच बेंचवर ओतले. ग्लास किचनमध्ये नेला, घासून धुतला, उजेडात धरून पाहिला. मग स्वतःच्या धुतलेल्या लुगड्यात नीट गुंडाळून बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवला.

"माझा एक फुटला होता ना," ती म्हणाली. "आता सेट पुरा झाला."