पश्चिमेला काही नाही

घाबरण्याच्या बाबतीत माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. धुळ्याच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. भूकंप, ज्वालामुखी, महापूर यांच्या संगतीत आयुष्य गेल्यावर माणूस दुसरं काय करणार म्हणा! घरात कुकर लावला की ते चष्मा, पाकीट घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभे राहत, त्यामुळे यांच्याकडे वरण कधी शिजतं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून आमच्या खान्देशात सगळेच फिरतात, हे ऐन थंडीतल्या लग्नालाही कांदा घेऊन आले होते. चाळीसगाव स्टेशनावर रुळांपासून ते इतके लांब उभे राहिले की गाडी आली, थांबली आणि यांना न घेता निघूनही गेली. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "जावईबापू, गाडी गेली, पण पाय राहिले ना!" यांना कशाकशाची भीती वाटते, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं. त्या भाकरी थापता थापता अहिराणीत म्हणाल्या, "कसानं भ्याव नही ते इचारा, लवकर व्हई जाई."

अशा माणसाला दोघांनी मिळून खेळायच्या कोड्यांच्या व्हिडिओ गेमचा नाद लागला, यावर आमच्या नात्यागोत्यात कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या बायकोने तो त्यांच्या टॅबवर घालून दिला. बापाबरोबर दोन डाव खेळली आणि तिने हात टेकले, म्हणून जोडीदारी माझ्याकडे आली. मी जळगावात, ते धुळ्यात, दोघांच्या कानाला फोन, असा आमचा दुपारच्या जेवणानंतरचा कार्यक्रम ठरून गेला. खेळ साधा आहे. दोन माणसं एका पडक्या किल्ल्यात अडकलेली असतात. मधे भिंत, एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत ते. माझं दार उघडायच्या खुणा त्यांच्या भिंतीवर आणि त्यांच्या दाराची कळ माझ्याकडे. एकमेकांना सांगितल्याशिवाय दोघांपैकी कुणाचीच सुटका नाही. मामांना (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) नेमकं हेच आवडलं. "एकट्यानं पुढं जायची सोयच ठेवली नाही, हे फार चांगलं केलंय," असं ते दर दोन दिवसांनी म्हणत. त्यांना मी किती वेळा सिनेमाला, सहलीला बोलावून पाहिलं होतं, पण घराबाहेरच्या कुठल्या गोष्टीत त्यांचा जीव असा रमलेला मी पाहिला नव्हता.

खेळायची त्यांची तऱ्हाही न्यारी. डावीकडे, उजवीकडे असे शब्द त्यांच्या तोंडात नाहीत. "ईशान्येला वरणबट्टीतल्या बट्टीसारखं काहीतरी गोल आहे, आग्नेयेला केळीचा घड उलटा टांगलाय," असं ते नकाशासमोर छडी घेऊन उभं राहिल्यासारखं सांगत आणि मी त्याप्रमाणे कळा दाबी. एका ठिकाणी उंच फळीवर चढायला एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर पाय द्यावा लागतो. तिथे डाव अडला. ज्याचे पाय लग्नात धुतले त्या जावयाच्या डोक्यावर पाय द्यायचा म्हणजे घोर पाप! मी परोपरीने सांगितलं की मामा, ही चित्रं आहेत. शेवटी तेच खाली उभे राहिले, मी त्यांच्या डोक्यावरून वर गेलो आणि वरून दोर सोडून त्यांना घेतलं. "लग्नापासून हेच चाललंय," असं मागून सासूबाईंचा आवाज आला. आणि वाट्टेल तेवढ्या आणीबाणीतसुद्धा मामांचा अहोजाहो सुटत नसे. छत कोसळत असताना "पळा जावईबापू, कृपया पळा!" असं ओरडणारा खेळाडू जगात दुसरा नसेल.

याच वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही एका खोलीत अडकलो. मी रोज विचारायचो, "मामा, पश्चिमेला काय आहे?" ते म्हणायचे, "पश्चिमेला काही नाही." त्याच सुमारास त्यांच्या भीतीच्या यादीत नवी भर पडत होती. आता स्कूटरची भीती वाटते, जिन्याची वाटते, संध्याकाळी बाजारात जायची वाटते. आम्ही नेहमीप्रमाणे हसत होतो. मग दिवाळीला धुळ्याला गेलो आणि त्यांच्या शेजारी बसून प्रथमच त्यांचा टॅब पाहिला. पश्चिमेच्या भिंतीवर, त्यांच्या डाव्या हाताला, चांगला लाटण्याएवढा, ओढायचा लाल दांडा चमकत होता. "मामा, हे काय?" मी विचारलं. त्यांनी मान पुरती वळवली, दांडा पाहिला आणि टॅब हळूच मांडीवर पालथा घातला.

माझ्याशी ते नेहमी शाळेतलं मराठी बोलत. त्या दिवशी ते गळून पडलं. "बापू, डावा डोयाले दिखत नही," ते म्हणाले. "आखाजीपासून." म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंच्या हातातली चकल्यांची ताटली तशीच राहिली. "मंग माले काबर सांगं नही?"

"बठ्ठं गयं आसं डॉक्टर बोलना तर?" मामा म्हणाले. सगळंच गेलं असं ऐकावं लागेल, ही धास्ती.

कुकरची भीती गल्लीभर सांगणाऱ्या माणसाने खरी भीती एवढे महिने एकट्याने सांभाळली होती, आणि ती दिसू नये म्हणून बाकीच्या भीतींच्या मागे लपवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते येणार नाही, उजव्याचीही डावीकडची कड गेली आहे, उरलेलं टिकवायला रोज थेंब आणि नेमाने तपासणी, असं डॉक्टर म्हणाले. परतताना मामा रिक्षात माझी बाही घट्ट धरून बसले होते आणि रस्ताभर एका शब्दानेही घाबरले नाहीत. ते घाबरले असते तर मला बरं वाटलं असतं.

खेळ आम्ही सोडलेला नाही. मीच सोडू देत नाही. मात्र त्यांची खोली मला दिसत नाही, तिथलं त्यांनाच पाहावं लागतं. "थांबा हं जावईबापू, मान वळवतो," असं ते म्हणतात. पलीकडे पंख्याचा आवाज येत राहतो. आज उजव्या डोळ्याने साथ दिली नसेल तर, असं मनात येतं. विचारायचा धीर होत नाही. इकडे बायको हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली असते.

मग ते म्हणतात, "दिसलं." मी आधी तिच्याकडे बघून मान हलवतो, आणि मग कळ दाबतो.