मऊ केलेलं वाक्य

मिनेसोटातल्या आमच्या गावात इंग्रजी व्याकरणाचा वाद मार्लिस बाईंपाशी मिटायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या चर्चच्या तळघरात परदेशांतून आलेल्यांचा इंग्रजीचा वर्ग घेत. कॉफी स्वतः करत, आणि कोणी चुकलं तर इतरांना हसू देत नसत.

त्या हिवाळ्यात जर-तरची वाक्यं चालली होती. एक प्रकार खरंच घडू शकेल अशा गोष्टीचा, दुसरा नुसत्या कल्पनेचा. वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं काम करणारी होदान ही सोमाली बाई कामावरचंच वाक्य घेऊन आली.

"ड्रायर असाच चालवला, तर आग लागेल. उद्या डुएनसाहेबांना सांगायचंय. बरोबर आहे, टीचर?"

"व्याकरण बरोबर आहे गं. पण साहेबाला असं तोंडावर सांगितलं की दम दिल्यासारखं वाटतं. इथे जरा मऊ बोलतात." बाईंनी फळ्यावर लिहिलं : ड्रायर फार तापला असता, तर कदाचित आग लागली असती.

"पण तो तापतोच आहे."

"कळतं त्यांना."

होदाननं ते वाक्य जिभेवर बसेपर्यंत घोकलं.

त्याच आठवड्यात ड्रायर पेटला. म्हाताऱ्यांना वेळेत बाहेर काढलं, पण आतल्या चादरी ओढताना होदानचा हात कोपरापर्यंत भाजला.

बाई तडक डुएनकडे गेल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"तिनं तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं ना, बाई. इतकं छान बोलली, मला वाटलं तुमचा धडाच म्हणून दाखवतेय." तो टेबलाकडे बघत राहिला. "जळका वास मलाही येत होता. मी बघायला हवं होतं."

दोषातला आपला वाटा त्यानं कबूल केला, तरी बाईंचा काही हलका झाला नाही. त्या होदानच्या घरी गेल्या. तिच्या नणंदेनं वेलदोड्याचा चहा पुढे ठेवला.

"टीचर, एकही चूक केली नाही मी," होदान बँडेज सावरत म्हणाली. "साहेब म्हणाले, इंग्रजी सुधारलं."

बाईंनी कप खाली ठेवला. "चूक माझी झाली. तुझं पहिलं वाक्यच बरोबर होतं. मी बदललं, म्हणून त्याला ते खरं वाटलं नाही."

होदाननं विचारलं, "मग बदललंत कशाला?"

"तू उद्धट वाटू नयेस म्हणून."

"मी उद्धट वाटले असते तर चाललं असतं, टीचर."

नणंदेनं कप उचलले. बाई उठल्या.

वृद्धाश्रमाच्या चौकशीत बाईंनी आपणहून सगळं सांगितलं. ऐकणारे म्हणाले, तुम्हाला कोण दोष देतंय? चर्चमधल्या बायकांनी पाठीवर हात ठेवला, घरी डबे पोचवले. बाईंनी ते न उघडताच फ्रीजमध्ये ठेवले.

होदान बरी झाली आणि वाचनालयातल्या दुसऱ्या वर्गाला जाऊ लागली. बाईंनी आपला वर्ग सोडला नाही. मात्र आता कोणी कामावरचं वाक्य आणलं की त्या आधी विचारत, तिथे नक्की काय झालंय?

वसंतात एकदा दुकानात होदान समोर आली. बाही मनगटापर्यंत ओढलेली. दोघी थंडी सरल्याबद्दल बोलल्या. ती गेल्यावर बाई पिठाच्या पाकिटांसमोर उभ्या राहिल्या, आणि काहीच न घेता घरी आल्या.